पुढचा आकडा, पाठचा आकडा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी डॉलरच्या जुन्या नोटांविषयी आहेत. गोव्यात ते साहजिकच आहे. घरातलं कोणी ना कोणी बोटीवर होतं, आणि त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून कपडे, पोस्टकार्डं, परदेशी सिगारेटचे डबे यांच्यासोबत चार-दोन नोटा निघतातच. माझा जन्म गेला तो म्हापशातल्या छापखान्यात, मशीनवर. त्यामुळे नोट हातात आली की माझं लक्ष आधी चित्राकडे जात नाही, ती कुठल्या प्लेटवरून उतरली याकडे जातं. या वेळच्या उत्तरांत तेच जास्त येईल.

प्रश्न : माझे सासरे बोटीवर स्टुअर्ड होते. त्यांच्या पेटीत एक डॉलरच्या निळ्या शिक्क्याच्या सहा नोटा मिळाल्या. एकीवर नुसतं '१९३५' आहे, चारांवर '१९३५ ए' आणि एकीवर '१९३५ डी'. माझा भाचा म्हणतो, यातली एखादी 'म्यूल' असू शकते. म्यूल म्हणजे काय आणि घरच्या घरी ती ओळखायची कशी? की बँकेत देऊन सरळ रुपये घ्यावेत? तुम्ही मागच्या अंकात सांगितल्याप्रमाणे पाठीमागचे आकडे भिंगाने वाचून लिहून काढले आहेत : १९३५ वर ६१२, १९३५ ए वर १२४६, ८७१, १५८३, २२१०, १९३५ डी वर ४८७३.
(एक गृहिणी, डिचोली)

उत्तर : ताई, तुम्ही आकडे लिहून पाठवलेत, म्हणून मी नक्की काही सांगू शकतो. बहुतेक जण फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाठवतात आणि नोट खास आहे का विचारतात. नुसत्या पुढच्या बाजूवरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही.

आधी नोट कशी छापली जायची ते सांगतो. त्या काळी वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात एका शीटवर बारा नोटा असत. आधी हिरवी पाठ छापायची, मग काळी दर्शनी बाजू, आणि अगदी शेवटी निळा शिक्का व नोटेचा नंबर. पुढची प्लेट वेगळी, पाठची वेगळी, आणि दोघींना आपापला स्वतंत्र क्रमांक. दर्शनी बाजूवर उजवीकडे खाली एक अक्षर आणि त्याला चिकटून आकडा दिसेल. अक्षर शीटवरची जागा सांगतं, बारा नोटा म्हणून ए ते एल. तेच अक्षर डावीकडे वरही असतं. दोन्ही जागी सारखं नसेल तर नोटेशी कुणीतरी खेळ केलाय असं समजा. पाठीमागे उजवीकडे खाली जो हिरवा आकडा, तो पाठच्या प्लेटचा. तुम्ही वाचलात तोच.

सुरुवातीला हे आकडे फार बारीक असत, जेमतेम ०.६ मिलिमीटर उंचीचे. १९३८ मध्ये ते मोठे केले, साधारण १ मिलिमीटरचे. बारकाला संग्राहक 'मायक्रो' म्हणतात आणि मोठ्याला 'मॅक्रो'. एक डॉलरच्या नोटेत दर्शनी बाजूचा आकडा मोठा झाला तेव्हा सीरिज '१९३५' ची '१९३५ ए' केली. सह्या त्याच राहिल्या, अमेरिकेचे खजिनदार ज्युलियन आणि अर्थमंत्री मॉर्गेन्थाऊ यांच्या, त्यामुळे सह्यांवरून काही कळत नाही. पाठीच्या बाजूवर सीरिज लिहिलेलीच नसते. तिथे झालेला बदल फक्त आकड्याच्या उंचीत दिसतो, दुसरीकडे कुठेही नाही.

आता छापखान्यात घडतं काय? आकडा बारीक आहे म्हणून चांगली चालणारी प्लेट कोणी मोडीत काढत नाही. आमच्याकडे दुकानदारांची पावतीपुस्तकं छापायला यायची. पत्ता बदलला की पुढची प्लेट नवी व्हायची, पाठीवरच्या नियम-अटींची मात्र झिजेपर्यंत जुनीच चालायची. वॉशिंग्टनलाही तसंच झालं. मोठ्या आकड्याच्या नव्या दर्शनी प्लेटी आल्या तरी बारीक आकड्यांच्या पाठी छपाईत होत्या, आणि उलट, १९३५ च्या उरलेल्या दर्शनी प्लेटींना मोठ्या आकड्याच्या नव्या पाठी मिळाल्या. एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला मोठा आकडा अशी जी नोट बाहेर पडली ती म्यूल. ही चुकीची छपाई नव्हे. कारखान्यात रोजचं काम चालू असताना एका पद्धतीतून दुसरीत जाण्याचा जो काळ असतो, त्या काळाची ती नोट.

एक डॉलरच्या नोटेत हे ओळखायला मोजपट्टीही लागत नाही. पाठच्या प्लेटी ९२९ पर्यंत बारीक आकड्याच्या आहेत आणि ९३० पासून मोठ्या. '१९३५ ए' ची दर्शनी बाजू नेहमी मोठ्या आकड्याचीच असते. म्हणून '१९३५ ए' वर पाठीमागे ९२९ किंवा त्याखालचा आकडा निघाला तर ती म्यूल. नुसत्या '१९३५' वर ९३० किंवा त्यावरचा निघाला तर तीही म्यूल. बाकी सगळ्या साध्या.

तुमच्या यादीला हे लावू या. १९३५ वर ६१२ : बारकाला बारीक, साधी नोट. १९३५ ए वर १२४६, १५८३, २२१० : मोठ्याला मोठा, साध्या. १९३५ ए वर ८७१ : ही तुमची म्यूल. ताई, हा एक आकडा पुन्हा एकदा उजेडात, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली वाचून घ्या. हिरवी शाई घडीवर पुसट होते, आणि जुन्या नोटेवर ८७१ आणि १८७१ यांत गल्लत व्हायला वेळ लागत नाही. पहिला अंक घडीत गेलेला नाही एवढी खात्री करा. आकड्याची उंची शेजारी १२४६ ची नोट ठेवून पडताळा. खरंच तीन आकडी असेल तर तो दुसरीपेक्षा ठळकपणे बुटका दिसेल.

१९३५ डी वरचा ४८७३ हा वेगळ्याच कारणासाठी पाहण्यासारखा आहे. या सीरिजमध्ये पाठीचं डिझाइन किंचित अरुंद केलं. ५०१५ आणि त्याखालच्या प्लेटींची पाठ रुंद आहे, ५०१७ आणि त्यावरच्यांची अरुंद. तुमची रुंद पाठीची झाली. याला म्यूल म्हणत नाहीत, पण दोन्ही प्रकार जवळ ठेवणारे संग्राहक पुष्कळ आहेत.

आता किमतीचं. १९३५ ए च्या नोटा सहाशे कोटींहून अधिक छापल्या गेल्या, त्यामुळे घडी पडलेली, हाताळलेली साधी नोट कुणी डोक्यावर घेत नाही. म्यूलला त्याहून थोडं जास्त मिळतं. कोरी करकरीत असेल तर बरंच जास्त. नोटेच्या नंबराआधी तारा असेल, म्हणजे छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी आलेली ती नोट असेल, आणि शिवाय म्यूल असेल, तर ती विकण्याची घाई अजिबात करू नका, आधी मला लिहा. नुसत्या १९३५ ची म्यूल ही ए च्या म्यूलपेक्षा कमी दिसते, हेही लक्षात असू द्या.

बँकेत देऊ नका असं मी कळकळीने सांगेन. अमेरिकेने १८६१ पासून काढलेल्या नोटा आजही दर्शनी किमतीला चालतात, म्हणून तुमच्या प्रत्येक नोटेचा एक डॉलर कधीही बुडणार नाही. पण काउंटरवर त्याहून एक पैसाही जास्त मिळणार नाही, आणि सासऱ्यांनी इतकी वर्षं जपलेली नोट कायमची जाईल. नोटेवर चांदी देण्याचं वचन छापलेलं आहे, ते मात्र २४ जून १९६८ नंतर संपलं. कायद्याची धास्ती बाळगू नका. भारतात राहणाऱ्या माणसाला रीतसर मिळालेल्या परदेशी नोटा २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात.

प्रश्न : वडील बंदरात कामाला होते. त्यांना एका खलाशाने दिलेली पाच डॉलरची निळ्या शिक्क्याची नोट माझ्याकडे आहे, सीरिज १९३४ सी. पाठीवरचा आकडा ६३७ इतका बारीक आहे की भिंगाशिवाय दिसत नाही. पणजीत एका दुकानात दाखवली, तर 'या सीरिजला असला आकडा नसतो, नोट नकली आहे' असं सांगून दोनशे रुपये देऊ केले. काय करावं?
(एक वाचक, वास्को)

उत्तर : नोट दिली नाहीत ना? नसेल दिली तर देऊ नका.

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. १९३४ सी वर ज्युलियन आणि स्नायडर यांच्या सह्या असतात. स्नायडर १९४६ मध्ये अर्थमंत्री झाले. म्हणजे ही नोट १९४६ च्या आधीची असूच शकत नाही, आणि तोपर्यंत मोठे आकडे येऊन कितीतरी वर्षं झाली होती. पाच डॉलरच्या पाठीचे क्रमांकही तेव्हा चार अंकी झाले होते. त्यात हा तीन अंकी बारीक ६३७ बसत नाही, हे खरं.

पण ६३७ ही प्लेट संग्राहकांत प्रसिद्ध आहे ती याच कारणाने. ती बारीक आकड्यांच्या काळात करायला घेतली, आकडा कोरून झाला, आणि काम अर्ध्यावर ठेवलं गेलं. पुढे काही वर्षांनी ती पूर्ण केली आणि १९४५ ते १९४९ या काळात छपाईला लावली. आकडा मात्र होता तसाच राहिला. म्हणून १९३४ ए, बी आणि सी या तिन्ही सीरिजच्या दर्शनी बाजूंशी तिची जोडी सापडते. अशीच उशिरा पूर्ण झालेली ६२९ नावाची तिची एक भावंड प्लेट आहे, तिच्या नोटा ६३७ पेक्षाही कमी आढळतात. पाच डॉलरची जुनी नोट हाती लागली तर हे दोन आकडे आधी शोधावेत.

नकली नोट ओळखण्याचं तुमचं काम वेगळं आहे आणि ते आकड्यावर सोडू नका. पाठीवर लिंकन मेमोरियलची इमारत आहे, तिचे खांब भिंगाखाली बघा. खऱ्या नोटेत प्रत्येक रेघ सुटी, धारदार दिसते. प्लेटच्या खोदलेल्या रेघांत शाई भरून कागद जोरात दाबलेला असतो, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या नोटेवर बोट फिरवलं तर शाईचा उठाव लागतो. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत रेघा ठिपक्यांच्या होतात, सपाट होतात. हे मी छापखान्यातल्या माणसाच्या अधिकाराने सांगतो : कोरीव छपाईचा दाब ऑफसेटवर आणता येत नाही. कागदात लाल-निळे तंतू विणल्यासारखे आत गेलेले असावेत, वर छापलेले नव्हेत. एवढं सगळं ठीक असेल तर तुमची नोट ही १९३४ सी ची म्यूल आहे, आणि दोनशे रुपयांत ती मागणं मला योग्य वाटत नाही. पाच डॉलरची नुसती दर्शनी किंमतच त्याहून जास्त होते.

प्रश्न : न्यू जर्सीच्या आत्याने पाठवलेल्या एक डॉलरच्या नोटांत दोन वेगळ्या वाटल्या. एकीवर प्लेटच्या आकड्याजवळ 'एफडब्ल्यू' आहे. दुसरी सीरिज १९९३ ची, तिच्यावर आकडा आहे पण शेजारी अक्षरच नाही. कुठली ठेवू?
(एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : दुसरी ठेव, पहिली खर्च केलीस तरी चालेल. एफडब्ल्यू म्हणजे टेक्सासमधलं फोर्ट वर्थ. तिथला छापखाना १९९१ मध्ये सुरू झाला, आणि तिथल्या दर्शनी प्लेटींवर ही खूण असते. अशा नोटा ढिगाने आहेत.

अक्षर नसलेली बहुधा 'वेब नोट' आहे. १९९२ ते १९९६ या काळात वॉशिंग्टनमध्ये कागदाच्या रिळावर नोटा छापणारं यंत्र लावून पाहिलं. आपल्या वर्तमानपत्रांसारखा कागद एका टोकाने आत जायचा आणि दोन्ही बाजू एकाच फेरीत छापून बाहेर यायच्या. सपाट शीटवरची जागा सांगणाऱ्या अक्षराची त्यात गरजच नव्हती, म्हणून डावीकडे वरचा अक्षर-आकडा गायब आणि उजवीकडे खाली नुसता आकडा. मागची बाजू उलटून पाहा. नेहमीच्या नोटेत पाठचा आकडा खाली उजवीकडे असतो. वेब नोटेत तो वर, 'इन गॉड वी ट्रस्ट' या ओळीपाशी असतो. दोन्ही खुणा जुळायलाच हव्यात. एकच जुळत असेल तर कुणीतरी अक्षर खरवडलेलं असू शकतं. ही खरवड कळायला नोट तिरप्या उजेडात धर, कागदाचा पोत तिथे फाटलेला दिसेल. सीरिज फक्त तीन आहेत : १९८८ ए, १९९३ आणि १९९५. यंत्राने अपेक्षेप्रमाणे काम दिलं नाही आणि ते बंद केलं. मला स्वतःला या नोटांबद्दल फार आपुलकी आहे. एक मोठा प्रयोग फसला, आणि त्याचा पुरावा लोकांच्या खिशातून फिरत राहिला.

प्रश्न : आपल्या नोटांवरही प्लेटचा नंबर असतो का? मला अशा जोड्या जमवायच्या आहेत. आणि जुन्या ५००-१०००च्या नोटा संग्रहात ठेवता येतात का?
(एक शिक्षक, फोंडा)

उत्तर : डॉलरसारखा उघड प्लेट नंबर आपल्या नोटेवर नाही. त्याऐवजी तीन गोष्टी एकत्र वाचा : नंबराच्या पट्टीत मागे छापलेलं इनसेट अक्षर, गव्हर्नरांची सही, आणि २००५ पासून पाठीवर खाली छापलं जाणारं साल. गव्हर्नर बदलतात त्या सालाच्या नोटा मुद्दाम शोधा. २०१६ मध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत रघुराम राजन होते, नंतर ऊर्जित पटेल आले. त्या सालाची कोणती किंमत, कुणाच्या सहीने आणि कुठल्या इनसेटने तुमच्या हाती येते याची वही करा. नंबरात तारा असलेल्या नोटा २००६ पासून आहेत, त्यांना वेगळा रकाना द्या. एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नर नव्हे, केंद्राच्या वित्त सचिवांची सही असते. वर्गातल्या मुलांना हे काम द्यायला हरकत नाही, नोट दोन्ही बाजूंनी वाचायची सवय लागते.

५००-१०००च्या रद्द नोटांबाबत २०१७ चा कायदा स्पष्ट आहे. कुणालाही एकूण दहापर्यंत, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणेशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत नोटा ठेवता येतात. त्याहून एकही जास्त नको.

प्रश्न : आजीकडे ३० एस्कुदोची नोट आहे. ३० ही कसली किंमत? छापताना चूक झाली असेल का? ओल लागू नये म्हणून लॅमिनेट करून घेऊ का?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : चूक नाही. १९५९ मध्ये पोर्तुगीजांनी इथला रुपया बंद करून एस्कुदो आणला, तो एका रुपयाला सहा एस्कुदो या दराने. पाच रुपयांचे झाले तीस, दहाचे साठ, पन्नासाचे तीनशे, शंभराचे सहाशे. म्हणून त्या वेळच्या नोटांच्या किमती अशा आडनिड्या. बांको नॅसिओनाल उल्त्रामारिनोची ही नोट, तारीख २ जानेवारी १९५९, आणि त्यावरचा दाढीवाला माणूस म्हणजे अफोन्सो द आल्बुकेर्क. तीन वर्षांच्या आत, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. त्यामुळे या नोटांना वापरात राहायला फार काळ मिळालाच नाही. प्लेटच्या जोड्यांचा शोध हिच्यात घेऊ नका. हिची किंमत ठरते ती कागदाच्या स्थितीवरून.

लॅमिनेट मुळीच करू नका. गरम फिल्म एकदा चिकटली की सुटत नाही, आणि नोटेची संग्राहकी किंमत त्याच क्षणी संपते. दुकानात मिळणारे वास येणारे मऊ प्लॅस्टिकचे पाउचही नकोत, ते कालांतराने चिकट होतात. पॉलिएस्टरचं कडक पारदर्शक पाकीट घ्या, नोट त्यात सपाट ठेवा, घडी घालू नका, क्लिप लावू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल येते, तेव्हा पाकीट भिंतीला टेकवू नका. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्यांचा रंग बदलला की नव्या टाका. बुरशीचा ठिपका दिसलाच तर ओल्या फडक्याने पुसू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, दोन टिपकागदांमध्ये ठेवून सुकवा. फाटलेल्या कडेला कुणी सेलोटेप लावली असेल तर ती ओढू नका. दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा, टेपचा रंग पाहून पुढे काय करायचं ते सांगतो.